माळ्यावरचा ग्रामोफोन वाजता करायचाय? आधी चावी खाली ठेवा

माळ्यावरून, कोठीतून नाहीतर भंगारवाल्याच्या गोणीतून ग्रामोफोन खाली आला की जो तो पहिलं काम काय करतो, तर चावी लावून गरागरा फिरवतो. नका करू. चाळीस-पन्नास वर्षं पडून असलेल्या मशीनमधलं ग्रीस सुकून डांबरासारखं झालेलं असतं, थाळी फिरवणाऱ्या स्प्रिंगचे वेढे त्यात एकमेकांना चिकटलेले असतात, आणि तुम्ही जोर लावला की एकतर स्प्रिंग तुटते नाहीतर ती ज्या गोल डब्यात असते त्यातल्या हुकातून सुटते. म्हणजे जे मशीन नुसतं धुवून-पुसून चाललं असतं ते तुमच्या हाताने खरोखर बिघडलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे ग्रामोफोन बहुतेक वेळा बिघडलेले नसतातच, सुकलेले असतात. ग्रीस सुकलेलं, तेल सुकलेलं, रबर सुकलेलं. तेवढं बदललं की झालं. खरी वाट लावतात ती नंतरची हौशी मंडळी, कोणी पॉलिश पेपरने घासून निकल काढतं, कोणी गोल्डन स्प्रे मारतं, कोणी 'दमदार' म्हणून जाड स्प्रिंग घालतं. म्हणून या सगळ्या लिखाणात 'हे करू नका' जास्त येईल, सांभाळून घ्या.

घरातले म्हणतीलच, "टाक ना भो भंगारमा, आते कोन ऐकस हाई." त्यांना दोन रविवार मागून घ्या.

आता तुमच्याकडे आहे काय ते बघा. आपल्या खान्देशात जे सापडतात ते जास्त करून सुटकेसवाले, झाकण उघडलं की आत रेकॉर्ड ठेवायची थाळी, आडवा पोकळ दांडा आणि त्याच्या टोकाला साऊंडबॉक्स, म्हणजे सुई बसते तो गोल डबा. कर्णा बाहेर दिसतच नाही कारण तो थाळीच्या लाकडी पाटाच्या खाली पेटीतच असतो. अमळनेर, चोपडा, पारोळा इकडच्या कापूसवाल्यांच्या वाड्यांत, भुसावळला रेल्वेच्या जुन्या लोकांकडे असे तुकडे अजून निघतात. एचएमव्हीचं, म्हणजे कुत्र्याच्या चित्रवाल्या 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीचं, १०१ हे मॉडेल १९२५ चं आणि १०२ आलं १९३१ मध्ये, हे १०२ पुढे दोन-अडीच दशकं बनत राहिलं म्हणून तेच जास्त भेटतं. हे मिळालं असेल तर तुम्ही नशीबवान, कारण मोटर मजबूत, आवाज खणखणीत, आणि पार्टही त्यातल्या त्यात मिळतात.

याउलट चकाचक पितळी कर्णा, खाली आठ कोनांची नवी लाकडी पेटी आणि त्यावर कुत्र्याचा चकचकीत बिल्ला असं काही हायवेच्या 'अँटिक' दुकानातून आणलं असेल तर तो बहुतेक अलीकडे जुळवलेला माल आहे. आत कुठल्यातरी मोडक्या सुटकेसवाल्याची मोटर असते, दांडा नवीन ओतलेला आणि ढिला, आणि कर्णा शोभेचा. जुने खरे कर्णे बरेचसे रंगवलेल्या पत्र्याचे, पाकळ्या-पाकळ्या जोडलेले असायचे, पितळेचं एवढं झगमगाट प्रकरण क्वचित. असा असेल तर त्यावर महिनाभर घालवू नका, दिवाणखान्यात ठेवा, छान दिसतो.

सामान काय लागेल ते एकदमच सांगतो. वेगवेगळ्या रुंदीचे तीन-चार पेचकस, आणि पेचकस स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसला पाहिजे, अर्धवट बसणारा घेतला की खाच गेली आणि स्क्रू कायमचा अडकला. जुना टूथब्रश, भरपूर सुती चिंध्या, शिलाई मशीनचं तेल, व्हॅसलीन. धुवायला रॉकेल उत्तम पण ते आता मिळणं अवघड, मग डिझेल चालतं, टर्पेंटाईन चालतं. काम अंगणात किंवा घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर करा, बंद खोलीत नको आणि जवळ बिडी-सिगारेट कोणाची नको. ग्रीस ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून घ्या, ग्राफाईटवालं मागा, नसेल तर साधं लिथियम ग्रीस घेऊन त्यात ग्राफाईटची पूड कालवा. वेल्डिंगवाल्याचे चामडी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल, हे दोन हवेतच, का ते पुढे येईल. आणि स्क्रू ठेवायला इडलीपात्र, घरच्यांची परवानगी काढून. एका खळग्यात एका जागेचे स्क्रू, आणि प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो. फोटो काढायचा कंटाळा केला तर जोडताना रडाल.

उघडायला सुरुवात. आधी साऊंडबॉक्स दांड्यावरून हळूच काढून रुमालात गुंडाळून बाजूला ठेवा, सगळ्यात नाजूक वस्तू ती आहे. चावी उलटी फिरवली की तिचे आटे सुटतात आणि ती बाहेर येते. थाळी बहुतेक मशीनमध्ये नुसती दांडीवर घट्ट बसलेली असते, दोन्ही बाजूंनी बोटं घालून वर उचलायची आणि दुसऱ्याला मधल्या दांडीवर लाकडाने हलकी टिचकी मारायला सांगायचं. लोखंडी हातोडी नको. काहींना बारीक क्लिप असते ती आधी काढा. मग पाटाचे कडेचे स्क्रू काढले की अख्खी मोटर पाटासकट वर येते.

थांबा, चावी-थाळी काढायच्या आणि मोटर खोलायच्या आधी स्प्रिंगमध्ये जोर शिल्लक आहे का ते बघायचं. ही पायरी गाळू नका. ब्रेक सोडा, थाळी फिरतेय का, फिरत असेल तर आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. फिरत नसेल आणि चावी पहिल्यापासूनच घट्ट लागत असेल तर स्प्रिंग भरलेली आहे आणि पुढे कुठेतरी गाडी अडकलीये. बहुतेक वेळा अडकतो तो गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, कारण त्याचा दांडा सगळ्यात बारीक. त्याच्या दोन्ही टोकांना तेलाचे थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी बोटाने हळूच ढोसा. बऱ्याचदा एवढ्यावर सुरू होतं आणि जोर उतरून जातो. पण भरलेल्या स्प्रिंगवर गव्हर्नर कधीच काढायचा नाही, तो काढला की पूर्ण गिअर मोकाट सुटतात, दाते झडतात आणि बोट मध्ये असेल तर बोटही जातं. नाहीच उतरला जोर तर जुन्या घड्याळवाल्याकडे घेऊन जा. खटका उचलून, चावी हातात घट्ट धरून जोर कसा उतरवायचा हे त्यांना येतं, हातातून चावी सुटली तर मनगट फोडते.

आता स्प्रिंग. मशीन चालू असताना आतून धप, धप असा आवाज येत असेल, गाणं मध्येच बसल्यासारखं होत असेल, तर डब्यातलं ग्रीस गेलेलं आहे. वेढे चिकटतात आणि एकदम सुटतात त्याचा तो धक्का. चावी कितीही फिरवली तरी कधी घट्टच होत नसेल तर स्प्रिंग तुटलीये किंवा हुकातून निसटलीये. दोन्ही बाबतीत डबा उघडणं आलं.

बरेच जण सांगतात की डब्याच्या भोकातून तेल सोडा, होऊन जाईल. होत नाही. तेलाने जुना गाळ थोडा पातळ होतो, चार दिवस चालतं, मग परत धपधप, आणि वर तेल गळून पाटाला डाग पडतात. स्प्रिंग बाहेर काढूनच साफ करायची.

ही पट्टी साधारण इंचभर रुंद आणि तीन मीटरच्या आसपास लांब असते, डब्यात ती दाबून बसलेली असते आणि सुटली तर अंगावर येते, चेहऱ्यावर येते. हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. झाकण काढा, डबा एका खोल बादलीत धरा, वर गोणपाट टाका. मधला वेढा पक्कडीने पकडून थोडा वर ओढा, मग एका हाताने बाकीचे वेढे दाबून धरत एक-एक वेढा बाहेर सोडत जा. घाई अजिबात नाही. शेवटचे दोन वेढे स्वतःच उडी मारतात, त्यासाठी बादली. काढायच्या आधी एक करा, ती कुठल्या दिशेने गुंडाळलेली आहे त्याचा फोटो घ्या आणि डब्यावर मार्करने बाण काढा. उलटी बसवली तर सगळं परत. मोटर दोन स्प्रिंगवाली असेल तर एकाच वेळी दोन्ही डबे उघडू नका.

बाहेर आलेली पट्टी डिझेलमध्ये भिजवा, चिंधीने टोकापासून टोकापर्यंत पुसा, चिंधी पांढरी राहीपर्यंत. गंज वरवरचा असेल तर बारीक स्टीलवूलने जाईल. खोल खड्डे पडले असतील किंवा कडेला चीर दिसत असेल तर ती पट्टी आज ना उद्या तुटणार. बाहेरच्या टोकाजवळ, भोकापाशी तुटली असेल तर वाचवता येते, तुटलेला भाग कापायचा, फक्त शेवटचा इंच-दीड इंच लाल होईपर्यंत तापवून हळूहळू थंड होऊ द्यायचा म्हणजे तो नरम होतो, आणि मग तिथे नवीन भोक पाडायचं. भोकाच्या कडा कानशीने गुळगुळीत करा, तिथूनच चीर सुरू होते. जळगावला सुभाष चौकात सराफ बाजार आहे, तिथल्या कारागिराकडची बारीक टॉर्च या कामाला एकदम बरोबर, कारण जास्त भाग तापला तर तेवढा भाग स्प्रिंग राहतच नाही, नुसता पत्रा होतो. मध्येच तुटली असेल तर जोडायच्या भानगडीत पडू नका, वेल्डिंग टिकत नाही. नवीन घ्या, मुंबईत चोरबाजाराच्या बाजूला आणि ऑनलाईन मिळतात, पण आधी व्हर्निअरने रुंदी आणि जाडी मोजा आणि टेपने लांबी. जाड स्प्रिंग म्हणजे जास्त ताकद हा मोठा गैरसमज आहे. जाड पट्टीचे वेढे डब्यात कमी मावतात, गाणं पूर्ण व्हायच्या आत जोर संपतो आणि दात्यांवर नको तेवढा ताण येतो.

परत बसवताना पट्टीला दोन्ही बाजूंनी ग्रीस चोळायचं, थापायचं नाही. बाहेरचं भोक डब्याच्या हुकात अडकवा आणि हाताने एक-एक वेढा आत दाबत जा, दुसऱ्या माणसाला डबा धरायला लावा. हाताला रग लागते, मान्य आहे. सगळं आत गेलं की मधलं टोक डब्याच्या मधल्या दांड्याच्या हुकात बसतंय का तपासा, बसत नसेल तर सगळ्यात आतला वेढा पक्कडीने किंचित आवळून घ्या. आणि आपल्याकडच्या उन्हाचा विचार करून ग्रीस घट्टच निवडा. पातळ भरलं तर मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा त्यातलं तेल सुटून डब्याबाहेर येतं.

गिअर आणि दांड्यांच्या टोकांना ग्रीस नाही, तेल. शिलाई मशीनचं, एकेक थेंब. मोठ्या दात्यांना व्हॅसलीन किंवा अगदी थोडं ग्रीस चालेल. आधीचा काळा गाळ टूथब्रशने, आणि दात्यांच्या मधला टूथपिकने काढा. गंज सोडवायचा स्प्रे मारू का असं सगळेच विचारतात, गंजलेला स्क्रू सुटायला मारा, पण मोटरला तेल म्हणून नको, तो उडून जातो आणि मागे चिकट थर ठेवतो.

गव्हर्नर म्हणजे त्या मशीनची अक्कल. एका बारीक दांड्यावर तीन वजनं, प्रत्येक वजन एका पातळ पोलादी पट्टीवर. दांडा जोरात फिरला की वजनं बाहेर फेकली जातात, त्यांच्यासोबत एक चकती सरकते आणि छोट्या चामड्याच्या किंवा नमद्याच्या (फेल्टच्या) पॅडला घासते, की वेग आपोआप कमी. वेगाचा जो काटा वर असतो तो या पॅडलाच पुढे-मागे करतो, बाकी काही नाही. बघायच्या गोष्टी दोन-तीनच. तिन्ही पट्ट्या अखंड आहेत का, एक जरी मोडलेली असेल तर घरघर येते आणि आवाज थरथरतो, मग तिन्ही एकाच जाडीच्या नवीन घाला, एकच बदलली की वजनं तिरपी फेकली जातात. पॅड वाळून कडक झालंय का, झालं असेल तर हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडून मऊ चामड्याचा किंवा जाड फेल्टचा तुकडा आणा, तेलात भिजवून लावा. वाळलेलं पॅड चकतीवर किंचाळतं. आणि गव्हर्नरचा दांडा ज्या दोन बुशमध्ये बसतो ते काढायच्या आधी त्यांची जागा सुईने ओरखडा मारून ठेवा, कारण ते बुश बऱ्याचदा मुद्दाम एका बाजूला भोक पाडलेले असतात, थोडे फिरले की दाते एकमेकांत जास्त घुसतात आणि मोटर गुणगुणायला लागते.

मोटर जोडून पाटाला लावा, चावी पाच-सहा फेऱ्याच द्या, रेकॉर्ड न लावता थाळी फिरू द्या. शांत फिरली पाहिजे. खरं तर इथपर्यंत आलात की बरेच जण थांबतात, थाळी फिरली म्हणजे झालं, आणि वाजवून बघतात तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मग म्हणतात जुन्या मशीनचा आवाज असाच असायचा. नव्हता हो असा. तो दोष साऊंडबॉक्सचा.

साऊंडबॉक्समध्ये एक पातळ पडदा असतो, जुन्या प्रकारात अभ्रकाचा, नंतरच्यात अॅल्युमिनियमचा. सुई ज्यात बसते तो दांडा या पडद्याच्या मध्यावर जोडलेला असतो. पडदा दोन रबरी कड्यांच्या मध्ये धरलेला असतो, एक पुढे एक मागे. ते रबर मऊ असेल तरच पडदा मोकळा हलतो आणि हवा कडेने निसटत नाही. तुमच्या साऊंडबॉक्समधलं रबर तितकंच जुनं आहे जितकं मशीन, नखाने दाबून बघा, दबणार नाही, तुकडे पडतील.

त्याला आपल्याकडे सोपा आणि स्वस्त इलाज आहे, सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब. लांबी मोजून दोन तुकडे कापा, टोकं सरळ आणि स्वच्छ कापलेली हवीत, टोकाला टोक भिडलं पाहिजे, एकावर एक चढता कामा नये आणि मध्ये फटही नको. सांधा सुईच्या दांड्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. जुनं रबर चिकटून बसलेलं असतं ते काढताना पडद्याला पेचकस लावू नका, लाकडी टूथपिक वापरा. अभ्रकाचे थर सुटत असतील किंवा अॅल्युमिनियमला केसाएवढी चीर असेल तर पडदा उजेडापुढे धरला की दिसते. अॅल्युमिनियमची चीर बुजवून फार दिवस निभत नाही, पडदाच बदलावा लागतो.

पडद्याच्या मध्यावर जो बारीक स्क्रू आहे तो काढताना श्वास रोखून काढा, पडदा तिथेच फाटतो. जोडताना एक गोष्ट लक्षात ठेवा, सुईच्या दांड्याचं टोक पडद्याच्या मध्याला नुसतं टेकलं पाहिजे, पडदा आत ढकलला जायला नको आणि बाहेर ओढला जायला नको. स्क्रू आवळून पडदा जागेवर आणायचा नसतो, आधी दांड्याच्या बाजूचे टेकण-स्क्रू जुळवून टोक बरोबर मध्यावर आणायचं आणि मग मधला स्क्रू लावायचा. शेवटी त्या स्क्रूवर मेणाचा एक ठिपका. हे जुळवणं कंटाळवाणं काम आहे, एक संध्याकाळ यातच जाते, पण बाकीच्या सगळ्या खटपटीपेक्षा आवाजात जास्त फरक याने पडतो. काही साऊंडबॉक्समध्ये दांड्याच्या बुडाशी अगदी बारीक बेअरिंगच्या गोळ्या असतात, तो भाग खोलू नका, गोळ्या फरशीवर पडल्या की गेल्याच. दांडा मोकळा हलतोय तोवर तिथे हात लावायचं कारणच नाही.

हवा निसटतेय का ते तपासायला साऊंडबॉक्सच्या मागच्या भोकाला जीभ लावून हवा ओढा. जीभ धरून ठेवली तर काम पक्कं. आधी स्पिरिटच्या बोळ्याने भोक पुसून घ्या, आतमध्ये काय काय राहून गेलेलं असतं ते न विचारलेलं बरं. मागे दांड्याला जोडणारं रबर असेल तर तेही बदला. मात्र साऊंडबॉक्सची पाठ किंवा दांडा राखाडी, फुगलेला, बारीक भेगा पडलेला दिसला तर सावध. तो जस्ताच्या मिश्रणाचा ओतीव धातू आहे, वर्षांनी फुगतो आणि हात लावला की तडकतो. तिथे पिळायचं नाही, ओढायचं नाही, जसा आहे तसा राहू द्या किंवा दुसरा शोधा.

दांड्याच्या सांध्यांना आतून थोडं व्हॅसलीन लावा, हवा धरते आणि वळायला हलकं होतं. कर्ण्यात टॉर्च मारून बघा. खेड्यातल्या घरातून आलेल्या मशीनच्या कर्ण्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं किंवा उंदराने कापूस भरलेला असतो, आणि मालक म्हणत असतो की आवाज कमी येतो. लांब काडीला चिंधी बांधून काढा, पाणी घालू नका.

पेटीबद्दल थोडक्यात. काळं कापड-रेग्झिन सुटलं असेल तर फेविकॉल पातळ करून चिकटवा, नवीन लावायच्या मागे लागू नका. निकल-क्रोमच्या भागांना साबणाच्या पाण्याचं फडकं आणि कोरडं फडकं, बास. कुत्र्याचं चित्र रंगाचं छापलेलं असेल तर त्याला पितळ पॉलिश, स्पिरिट काही म्हणजे काही लावायचं नाही, एका फटक्यात कुत्रा जातो. लाकडी पेटी असेल आणि कोरडी पडली असेल तर जवसाचं उकळलेलं तेल फडक्याने हलकं फिरवा. त्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतो, उन्हात पसरून वाळवा. थाळीवरची बनात, म्हणजे मऊ लोकरी कापड, झिजली असली तरी धुवू नका, ब्रशने धूळ काढा. उंदराने खाल्ली असेल तर मात्र नवीन चिकटवा.

वेग. थाळी मिनिटाला ७८ फेरे फिरली पाहिजे. रेकॉर्डखाली कागदाची पट्टी बाहेर येईल अशी ठेवा, सुई लावून वाजवत ठेवा, कारण सुईच्या ओझ्याने वेग थोडा उतरतो आणि रिकाम्या थाळीवर मोजून उपयोग नाही, आणि २० सेकंदात पट्टी किती वेळा समोर येते ते मोजा. २६ वेळा आली की बरोबर. दुसरी पद्धत स्ट्रोबच्या चकतीची, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी ७७ रेघांची चकती छापून घ्यायची, ती ट्यूबलाईटखाली फिरताना रेघा उभ्या दिसल्या की वेग जमला. पण जुनी चोकवाली ट्यूब हवी, बरेचसे एलईडी पुरेसे लुकलुकत नाहीत, त्यात काही दिसत नाही. अगदी जुन्या रेकॉर्डी नेमक्या ७८ वर रेकॉर्ड केलेल्या नसतात, गायकाचा आवाज चिरका वाटला तर काटा जरा मागे घ्या, कान सांगेल ते खरं.

आता सुई, म्हणजे पिन. रेकॉर्डीच्या एका बाजूला एक सुई, गाणं संपलं की सुई फेकायची. लोकांना हे पटत नाही, अजून टोकदार दिसतेय की म्हणतात. कारण ऐका. ७८ च्या रेकॉर्डीत लाख कमी आणि दगडाची पूड जास्त असते, ती पूड मुद्दाम घातलेली, पहिल्या काही फेऱ्यांत ती सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. गाणं संपेपर्यंत त्या टोकाला दोन्ही बाजूंनी धार आलेली असते. तीच सुई पुढच्या रेकॉर्डीला लावली की ती छिन्नी झाली. जुन्या रेकॉर्डी राखाडी पडून नुसत्या खरखरतात ना, त्यांची अशीच वाट लागलेली आहे. त्यामुळे स्टीलच्या सुयांचे दोन-तीन डबे एकदमच मागवा, डब्यावर लाऊड, मीडियम, सॉफ्ट लिहिलेलं असतं, जाड ती मोठ्या आवाजाची. घरात सॉफ्ट पुरते, आवाजाचं बटण या मशीनला नाहीच. शिवणाची सुई, टाचणी, खिळा असले प्रयोग नकोत. सुई सरळ उभी नाही, थाळीशी साधारण ६० अंशात तिरपी, आणि रेकॉर्ड तिच्यापासून लांब पळतेय अशी.

आणि नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डी, मोठी एलपी असो की ४५ ची छोटी, या मशीनवर कधीच लावायच्या नाहीत. साऊंडबॉक्सचं ओझं शंभर ग्रॅमच्या पुढे असतं, प्लास्टिकची खाच पहिल्याच फेरीत नांगरून निघते. पन्नास-साठच्या दशकातल्या ७८ च्या सिनेमाच्या रेकॉर्डीही मी या मशीनवर फार वाजवत नाही, जुन्या मशीनच्या ओझ्याला त्या पटकन झिजतात. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या दणकट असतात, त्या लावा.

रेकॉर्ड धुवायला साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवा. स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे यातलं काहीही लागलं तर लाख विरघळते आणि रेकॉर्ड कायमची गेली. सावलीत उभ्या करून वाळवा.

वाकलेली रेकॉर्ड सरळ करायला मात्र आपल्या उन्हाएवढं चांगलं साधन नाही. दोन सपाट जाड काचा घ्या, मध्ये स्वच्छ पुसलेली रेकॉर्ड, आणि एप्रिल-मेच्या उन्हात फरशीवर ठेवा. दर पाच-दहा मिनिटांनी जाऊन बघा, सोडून जेवायला जाऊ नका, काळी वस्तू काचेखाली भलतीच तापते. काचेला चिकटून सपाट झाली की काचांसकट उचलून घरात आणा आणि काचा न उघडता पूर्ण गार होऊ द्या. आणि याच कारणासाठी उन्हाळ्यात रेकॉर्डी पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा माळ्यावर ठेवू नका. खालच्या खोलीत, भिंतीपासून थोड्या दूर, उभ्या, एकमेकींना टेकून पण न दाबता. आडवी थप्पी लावली की खालच्या तडकतात.

वाजवायच्या आधी चावी पुरी भरा पण घट्ट लागायला लागली की थांबा, शेवटचा अर्धा फेरा जबरदस्तीने काढायचा नाही. प्रत्येक बाजूला परत भरा, दहा इंची रेकॉर्डीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास चालते. झाकण लावायच्या आधी थाळी मोकळी सोडून उरलेला जोर उतरू द्या, स्प्रिंग भरलेली ठेवून महिनाभर पेटी बंद करू नका. तेलाचे थेंब वर्षातून एकदा, पोळ्याच्या आसपास टाका म्हणजे लक्षात राहतं, आणि डबा परत उघडायची गरज धपधप ऐकू आली तरच.